मास्तर आणि पाच सोंगट्या

कॉम्प्युटरपुढे बसण्याआधी चपला दाराबाहेर काढून साबणाने हात धुणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्यात भक्तिभाव वगैरे काही नव्हता. तीस वर्षं ग्राफपेपरवर काम केलेला माणूस. कागदाला हाताचा डाग लागता कामा नये, ही जुनी सवय. हात पुसून झाले की ते खिशातली पेन्सिल काढून तिला ब्लेडने टोक करत. कॉम्प्युटरवरच्या त्या खेळात पेन्सिलचा काडीचाही उपयोग नव्हता, पण टोक केल्याशिवाय बसायचे नाहीत. मग पेन्सिल कानावर ठेवून पडद्यावर उमटलेल्या अनोळखी नावाला हात जोडत आणि म्हणत, "या, पाव्हणं."

पाव्हणे कधी ब्राझीलचे असत, कधी पोलंडचे, कधी कुठले ते कळायचंच नाही.

त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. सेठ 'मास्टर' म्हणत, बाकी सगळे 'मास्तर'. सुरतेच्या रिंग रोडवर एका मार्केटच्या तिसऱ्या मजल्यावर आमचं डिझाइनचं ऑफिस होतं. साडीचा काठ आणि पदर कसा विणला जाणार, ते आधी चौकटीच्या कागदावर काढावं लागे. एक चौकट म्हणजे एक उभा धागा आणि एक आडवा धागा जिथे भेटतात ती जागा. लाल रंगाने भरलेली चौकट म्हणजे तिथे मागावर चढणाऱ्या पुठ्ठ्याच्या कार्डाला भोक पडणार. मोर असो की कोयरी, मास्तर ती हजारो चौकटींतून उभी करत. तीन तीन आठवडे एका पदरावर बसत. घाई केली की म्हणत, "सेठ, साडी बाई पाच वर्षं नेसते. मला तीन आठवडे द्या की."

त्यांचा डावा पाय लहानपणीच वाळला होता. तरी लिफ्टने कधी आले नाहीत. जिना चढताना कोणी त्यांच्यासाठी वेग कमी केला, की हे मधल्या वळणावर थांबून भिंतीवरच्या जाहिराती वाचायला लागत; तो माणूस वर निघून गेल्यावर मग पुढची पायरी. सिटी बसमध्ये कोणी उठून जागा दिली तर पुढच्या थांब्यावर उतरून चालत येत. मी नवीन होते तेव्हा एकदा त्यांची पिशवी धरायला हात पुढे केला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुन्हा दोन वर्षं मी त्या पिशवीकडे बघितलंही नाही.

प्लेगच्या साली अर्धी सुरत गाड्या भरभरून गावी पळाली तेव्हाची गोष्ट ऑफिसात सगळे सांगत. मास्तरांची बायको सामान बांधून स्टेशनवर बसलेली, आणि हे ऑफिसात. मोराचं पीस अर्धं राहिलं होतं. सेठनी स्वतः येऊन कागद ओढून घेतला, तेव्हा कुठे उठले. तेही, "पीस सोळा चौकटींवर सोडलंय, लक्षात ठेवा," असं सांगून.

मी त्या ऑफिसात लागले ती नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. मी सुरतेतल्याच डिंडोलीची. वडील शहाद्याकडून येऊन लूमवर लागलेले. मी बारावीनंतर कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि सेठनी डिझाइनचा कॉम्प्युटर घेतला तेव्हा तो चालवायला मला ठेवलं. हाताने ग्राफ काढणारे तिघे होते. मी आल्यावर दोघे हळूहळू दुसरीकडे गेले. मास्तर राहिले. ते माझ्याशी नीट वागत, मी खानदेशची आहे कळल्यावर अहिराणीतही बोलत, पण माझ्या कॉम्प्युटरकडे त्यांनी एक वर्ष मान वळवून पाहिलं नाही. माझ्या टेबलावरून पुढे जायचं असलं तर खिडकीकडे बघत जात.

सेठना परदेशातल्या एका व्यापाऱ्याला नमुने पाठवायचे होते म्हणून ऑफिसात इंटरनेट आलं. फोनची तार कॉम्प्युटरला लावायची, मग ते यंत्र किंचाळायचं, खरखरायचं आणि नशीब असलं तर जोडलं जायचं. दुपारच्या सुट्टीत मी चोरून एक खेळ उघडे. पान उघडलं की आधी नुसता करडा चौकोन दिसायचा, मिनिटभराने त्यात पट यायचा. पंधरा उभ्या, पंधरा आडव्या घरांचा पट. एकाच्या काळ्या सोंगट्या, दुसऱ्याच्या पांढऱ्या. आळीपाळीने एकेक ठेवायची. आडव्या, उभ्या किंवा तिरप्या ओळीत ज्याच्या पाच आधी लागतील तो जिंकला. प्रत्येकाला सगळ्या डावाला मिळून तीन मिनिटं. घड्याळ डोळ्यांसमोर पळत असे.

एक दिवस मी हरत होते. मागून आवाज आला, "आठे नई, खाले." इथे नाही, खाली.

मास्तर खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. मी खाली सोंगटी ठेवली आणि दोन चालींत जिंकले.

"हा तर ग्राफ आहे," ते म्हणाले. "तू मला इतके दिवस बोलली नाहीस?"

त्याच दुपारी त्यांनी पहिल्यांदा माउस हातात घेतला. दोन्ही हातांनी धरला, कबूतर धरावं तसा. समोरच्याने त्यांना चाळीस सेकंदांत हरवलं. मला वाटलं, आता उठून जातील. मास्तर हसायला लागले. अगदी खदाखदा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. "मारलं की गं मला!" ते म्हणाले. "पुन्हा लाव."

त्या दिवशी ते लागोपाठ नऊ डाव हरले आणि जत्रेतून आल्यासारख्या चेहऱ्याने आपल्या टेबलावर जाऊन बसले.

मग रोजचंच झालं. एका पदराला तीन आठवडे लावणारा माणूस इथे विजेसारखा खेळे. दोन महिन्यांत त्यांचं बोट माझ्या बोटापेक्षा जलद झालं. डावाआधी बशीत चहा ओतून बाजूला ठेवायचा आणि डाव संपल्यावर प्यायचा, असा नियम. चहावर साय धरली असेल तर म्हणायचे, "आज वाईट खेळलो. इतका वेळ लागायला नको होता." पाव्हणा कुठल्या देशाचा हे मी शोधून सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "तिथे आता किती वाजले?" तिथे झोपेची वेळ असली तर ते आणखी जलद खेळत. "आटपू या. त्याला सकाळी कामाला जायचं असेल."

समोरच्याची लाइन मध्येच तुटली तर जिंकलो असा हक्क सांगता येत असे. तसं बटणच होतं. मास्तरांनी ते कधी दाबलं नाही. हाताची घडी घालून बसून राहत. मी म्हणे, "मास्तर, तो गेला." ते म्हणत, "गेला नाही, त्याचा फोन कटला. आपला नाही का कटत?" आणि हरले किंवा जिंकले तरी शेवटी मी चिठ्ठीवर लिहून दिलेलं एक वाक्य एका बोटाने, एकेक अक्षर शोधत टाइप करायचं: थँक यू, यू प्ले गुड. पुढे मी शिकून सांगितलं की 'गुड' नाही, 'वेल' हवं. म्हणाले, "त्याला कळतंय ना? मग राहू दे."

त्या खेळाच्या पानावर पहिल्या शंभर खेळाडूंची यादी असे. प्रत्येकाच्या नावापुढे गुणांचा आकडा. जिंकलं की वाढे, हरलं की घटे. मास्तर शंभराच्या आसपास घुटमळत होते. कधी एकशे वीस, कधी एकशे पाच. "एकदा त्या पाटीवर नाव बघायचंय," एवढंच ते एकदा बोलले होते.

दिवाळीच्या दोन महिने आधी सेठनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की हाताचे ग्राफ आता बंद करायचे आहेत. दिवाळीनंतर सगळं कॉम्प्युटरवर. "मास्टरने हमणां केहता नहीं, बेन," ते म्हणाले. मास्तरांना आत्ता सांगू नकोस. सेठ वाईट माणूस नव्हता. सांगताना ते टेबलावरच्या काचेकडे बघत होते.

मी बाहेर आले तर मास्तर कानावर पेन्सिल लावून एका कमळाची पाकळी भरत होते. मला त्यांच्याकडे बघवेना. जाण्याआधी निदान त्यांचं नाव त्या पाटीवर यावं, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

शनिवारी सेठ तीन वाजताच बारडोलीला घरी निघून जात आणि मास्तर निवांत खेळायला बसत. त्या शनिवारी मी त्यांना खेळ लावून दिला, आईला डॉक्टरकडे न्यायचंय सांगून खाली उतरले आणि समोरच्या सायबर कॅफेत शिरले. खोटं नाव घेतलं, खेळाच्या पानावर मास्तरांचं टेबल शोधलं आणि त्यांच्याशी हरले. मग दुसरं नाव घेऊन पुन्हा हरले. असे चार शनिवार गेले. मी अशी हरायची की खरी वाटावी: थोडी झुंज द्यायची आणि मग एक चूक करायची. प्रत्येक डावाच्या शेवटी माझ्या पडद्यावर येई: थँक यू, यू प्ले गुड.

चौथ्या शनिवारी मास्तर सत्त्याण्णवावे झाले.

त्याच शनिवारच्या शेवटच्या डावात एक गोष्ट घडली. माझ्या तीन सोंगट्या ओळीत आल्या होत्या. संशय नको म्हणून मी चौथी ठेवली. मास्तर अडवतील हे धरूनच चालले होते. त्यांनी अडवलं नाही. सोंगटी भलतीकडे, कोपऱ्यात ठेवली. माझ्या चार ओळीत, आणि पाचवं घर सताड उघडं. लहान मूलही तिथे पाचवी ठेवून जिंकलं असतं. मला वाटलं, मास्तर चुकले. घड्याळ पळत होतं. मी घाबरून दुसरीकडेच सोंगटी ठेवली. पलीकडून पुढची चाल आलीच नाही. मास्तरांची तीन मिनिटं सेकंदासेकंदाने संपली आणि डाव माझ्या नावावर लागला. चिठ्ठीतलं वाक्य आलं नाही.

सोमवारी मी पोचले तेव्हा माझ्या टेबलावर ग्राफपेपर पसरलेला होता. शनिवारचा सगळा डाव, चालीचालीने. माझ्या सोंगट्या लाल रंगात. पाचवं रिकामं घर पेन्सिलीने गोल केलेलं.

"हाई चाल कोनी शे?" मास्तरांनी विचारलं. ही चाल कुणाची आहे?

मी त्या गोल केलेल्या घरावर बोट ठेवलं.

"पहिल्या शनिवारी वाटलं, हा पाव्हणा हरायची घाई करतोय. दुसऱ्या शनिवारी कळलं की तो तुझ्यासारखा डाव्या बाजूने वर चढतो. तिसऱ्या शनिवारी मी स्वतःला समजावलं की जगात असतील तसे पुष्कळ." त्यांचा आवाज चढला नव्हता. "म्हणून घर उघडं ठेवून पाहिलं. आंधळ्याला दिसेल असं घर, पोरी."

"मास्तर, तुमचं नाव पाटीवर—"

"ते माझं नाव आहे का?"

ते आपल्या टेबलावर गेले. त्या आठवड्यात माझ्याशी बोलले नाहीत. त्याहून वाईट म्हणजे दुपारच्या सुट्टीत ते जिन्यात जाऊन उभे राहू लागले. कॉम्प्युटरकडे पुन्हा बघेनासे झाले.

रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. तेही डिंडोलीतच राहत, आमच्यापासून चार गल्ल्या पुढे. मास्तर गिरणीत दळण आणायला गेले होते. त्यांच्या बायकोने मला बसवलं आणि पाणी दिलं. समोरच्या भिंतीवर ग्राफपेपर चिकटवलेले, दहा-बारा. सगळे डाव. मी विचारलं, "हे मास्तरांनी जिंकलेले?"

"जिकेल फेकी देतस," त्या म्हणाल्या. जिंकलेले फेकून देतात. "भिंतीवर आहेत ते सगळे हरलेले. रोज रातचं जेवताना त्यांच्याकडे बघत बसतात."

मी काय केलं ते त्यांना सांगितलं. त्यांनी भिंतीवरच्या कागदांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "त्यास्ले लहानपनी कोनी हारावतच नई व्हतं." लहानपणी त्यांना कोणी हरवतच नव्हतं. मला अर्थ लागला नाही असं पाहून त्या समजावू लागल्या. मास्तरांचा पाय असा, म्हणून गावातली पोरं त्यांना खेळायला घेत, पण कच्चा लिंबू म्हणून. आट्यापाट्यात ते कधी बाद नसत, लपाछपीत त्यांच्यावर राज्य येत नसे. गोट्यांत थोरला भाऊ मुद्दाम नेम चुकवायचा. लग्नानंतरही सासरचे मेहुणे पत्ते खेळताना ह्यांना हळूच चांगलं पान सोडत. "ज्या दिवशी त्या पेटीतल्या कोण्या परदेशी माणसाने ह्यांना हरवलं ना," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी येताना पावशेर जिलबी घेऊन आले होते. मी विचारलं, काय जिंकलात? म्हणाले, हरलो. नऊ वेळा."

मी मान खाली घालून बसले. मास्तर खांद्यावर पिठाचा डबा घेऊन आले, तेव्हा मी उठून उभी राहिले. पण डबा घ्यायला पुढे झाले नाही. तो त्यांनी स्वतः उतरवला, हात धुतले आणि समोर येऊन बसले.

"मास्तर, चुकलं माझं."

"चुकलं," ते म्हणाले. "त्या पेटीत माझा पाय कोणाला दिसत नव्हता. तू तो तिथे नेऊन दाखवलास."

मी रडले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाले, "उद्या ते नाव पुसून टाक. मला नवीन काढून दे. सगळे जिथून सुरू करतात तिथून."

तेव्हाच मी त्यांना दिवाळीनंतरची बातमीही सांगून टाकली. लपवणं हीही दयाच होती, एवढं मला आता कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना नवं नाव काढून दिलं, आणि दुपारच्या सुट्टीत ते पुन्हा हात धुऊन बसले. तीन दिवसांनी सेठ नेमके त्याच वेळी केबिनमधून बाहेर आले. मास्तरांचं बोट टकटक चाललं होतं, घरांमागून घरं भरत होती. सेठ दारातच थांबले. डाव संपेपर्यंत हलले नाहीत.

"मास्टर, आ तो तमारो ग्राफ ज छे ने!"

"हो, सेठ. मीही तेच म्हणालो होतो."

सेठ रागावले नाहीत. उलट त्यांना एकदम मोकळं झाल्यासारखं वाटलं असावं. खुर्ची ओढून बसले आणि दिवाळीनंतरचा बेत स्वतःच सांगितला, मग म्हणाले, "पण तमे चिंता नहीं करो. तमे बेसी रहो. काम हो न हो, पगार चालू."

मास्तरांनी कानावरची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली.

"नाही सेठ. बसून खायला मी येत नाही. एक काम करा. एकच नमुना द्या, आम्हा दोघांना. ही कॉम्प्युटरवर करील, मीही कॉम्प्युटरवरच करीन. दोन्ही विणून बघा. माझं कमी पडलं तर मी दिवाळीला जातो. हिचं कमी पडलं तर काय करायचं ते तुम्ही ठरवा."

सेठनी माझ्याकडे पाहिलं. मास्तरांनीही पाहिलं. माझ्या घरी धाकटी दोन भावंडं होती, आणि ही माझी पहिली नोकरी होती.

"करते," मी म्हणाले.

नमुना होता काठातल्या वेलीचा, मध्ये पोपट. सेठनी दुसरा कॉम्प्युटर भाच्याकडून मागवला. मी त्या तीन दिवसांत जेवढा जोर लावला तेवढा आयुष्यात कधी लावला नव्हता. मास्तरांना डिझाइनच्या प्रोग्रॅममधली निम्मी बटणं माहीत नव्हती. ते एकेक चौकट भरत बसले. मी विचारलं नाही, मदत करू का. मी तिसऱ्या दिवशी दुपारीच काम देऊन टाकलं. मास्तरांचं चौथ्या दिवशी संध्याकाळी, ऑफिस बंद होताना झालं. वेळेत मी त्यांना सरळ हरवलं होतं.

आठवड्याने सॅम्पलच्या लूमवरून दोन्ही तुकडे आले. सेठनी ते काचेवर शेजारी शेजारी पसरले. पुढून माझा पोपट जास्त देखणा होता, अजूनही म्हणेन. सेठनी तुकडा उलटा केला. माझ्या वेलीच्या मागे जरीचे लांब लांब धागे सुटले होते, बोट अडकेल असे. पहिल्याच धुण्यात ती साडी ओरबाडून निघाली असती. मास्तरांचा तुकडा मागूनही पुढच्याइतकाच नेटका होता. जिथे धागा जास्त पळतोय तिथे त्यांनी एकेक चौकट मध्ये दाबून ठेवली होती.

सेठनी तुकड्यावरून हात फिरवला. मग मास्तरांना विचारलं, की हिने काम दिलं तेव्हा तुम्ही ते पाहिलं होतं ना?

"पाहिलं होतं. अकरा अकरा चौकटी मोकळ्या सोडल्या होत्या हिने."

"तो छोकरीने केम ना कह्युं?" मग पोरीला का नाही सांगितलंत?

मास्तरांना हा प्रश्नच विचित्र वाटलेला दिसला. "सेठ, आमची लढत चालली होती," ते म्हणाले.

दिवाळीनंतर आम्ही दोघंही राहिलो. मास्तर डिझाइन बघणार, मी जलद काढणार, असं सेठनी ठरवलं. पण त्या संध्याकाळी ते काही मला आनंदाचं वाटत नव्हतं. मी तो तुकडा घेऊन खिडकीपाशी गेले आणि मागचे धागे मोजत उभी राहिले. मास्तर चपला घालायला बाहेर निघाले होते, ते थांबले.

"जोर लावून केलं होतंस ना?"

"हो, मास्तर. सगळा."

"दिसलं." त्या नऊ डावांच्या दिवशी होता तसला काहीसा उजेड त्यांच्या तोंडावर आला. "धागा कसा बांधायचा ते मी तुला शिकवीन. पण आज नाही. आज हरलीस ना, आज नीट वाईट वाटून घे."

मी वाईट वाटून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला आले, तर त्यांनी आपली खुर्ची माझ्या टेबलाशी ओढून ठेवली होती.